मेंढ्यांची परवानगी

८ एप्रिल
इतक्या उशिरा लिहायला बसलो याबद्दल वहीची माफी मागतो. बायको बुरुल सुनेचं बाळंतपण करायला बिश्केकला गेली, तेव्हा ही वही हातात ठेवून गेली होती. रोजचं ब्लडप्रेशर लिहा, म्हणाली. आता बाळ बसायला लागलं आणि वही कोरीच आहे. मशीन मोडलं आहे, त्याला माझा इलाज नाही. ब्लडप्रेशर सोडून बाकीचं लिहीन. आजपासून रोज.

गल्लीत नोटीस लागली आहे. वस्तीत जनावरं ठेवायची तर परवानगी हवी. गोठा शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब हवा. लेंड्यांचा ढीग झाकलेला हवा. कोंबड्या जाळीत. प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला, रक्ताची तपासणी. शेजाऱ्याची हरकत नाही अशी सही. हे सगळं मे महिना संपायच्या आत, नाहीतर जनावरं वस्तीबाहेर.

माझं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे. नोटीस नीट वाचली. अवघड काही नाही. आठवड्यात उरकतो.

१० एप्रिल
मध्ये एक दिवस राहिला. छातीत धडधड होत होती.

मुलाचा, तालायचा, फोन आला. नोटिशीचं त्याला तिकडे कसं कळतं देव जाणे. म्हणाला, बाबा, विकून टाका त्या मेंढ्या आणि इकडे या, नवव्या मजल्यावरून डोंगर काय सुंदर दिसतात. मी म्हणालो, मला डोंगर खालून बघायची सवय आहे. मागून बुरुलचा आवाज आला. म्हणाली, अहो, मेंढ्या राहिल्या तर बाळाला पाय फुटल्यावर मी परत येते. नाही राहिल्या तर दोघांनी तिथे बसून काय करायचं, भिंतींना चारा घालायचा? मग तुम्हीच इकडे या.

ती उगाच बोलत नाही. म्हणजे आता पाच मेंढ्यांवर घर उभं आहे. लिफ्टमध्ये मला गुदमरतं, हे मी फोनवर बोललो नाही.

यंदा कोकरं नाहीत. मेंढा बाळाच्या बारशाला कापला होता.

१२ एप्रिल
गोठा मोजला. माझ्या पावलांनी अंतर बरोबर भरतं. मेहुणी झिपार फीत घेऊन आली. फितीने भरत नाही. फीत जुनी आहे, आटली असणार, असं मी म्हणालो. झिपार म्हणाली, दाजी, आटली असती तर अंतर उलट जास्त निघालं असतं. गोठा सरकवायचा ठरवला.

कोंबड्या झिपारकडे नेऊन ठेवल्या. तिच्याकडे जाळी आहे. तात्पुरत्या.

१७ एप्रिल
गोठा सरकवला. कंबर गेली. तीन दिवस पडून होतो, म्हणून नोंद नाही.

आता माझ्याकडून फक्त शेजाऱ्याची सही राहिली. शेजारी म्हणजे सुबान मास्तर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि आता माझ्या लेंड्यांच्या वासाने त्याला झोप लागत नाही. नुसतं दारात जाऊन सही मागणं बरं दिसत नाही. चार वडीलधारी बोलवावीत, जेवू घालावं, त्यांच्यासमोर विषय काढावा, मग मास्तरला नाही म्हणता येणार नाही. एक मेंढी जाईल. चार वाचतील. विचार पक्का आहे.

१९ एप्रिल
काळतोंडी कापली. मटण मऊ झालं होतं. झिपारने शेवया स्वतः लाटल्या. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मेंढीचं डोकं पंगतीतल्या सर्वांत वडील माणसापुढे ठेवायचं असतं. मी मुल्लाजींपुढे ठेवलं. त्यांची दाढी पांढरीशुभ्र आहे. मास्तर गुळगुळीत दाढी करतो. माणसाचं वय दिसणार कुठून?

मास्तर त्यांच्याहून वर्षाने मोठा निघाला. ताटातल्या हाडाकडे बघत म्हणाला, ओमुरकुल, हे हाड तर आम्ही पंगतीतल्या सर्वांत धाकट्या जावयाला वाढतो. आणि हात पुसून उठला. सहीचा विषय निघालाच नाही. मुल्लाजींनी डोकं आवडीने खाल्लं.

झिपार भांडी घासताना म्हणाली, दाजी, बोलवायच्या आधी प्रत्येकाचा जन्मदाखला मागवायचा होता. तिला चेष्टा सुचते. मला रात्रभर डोळ्यापुढे ते हाड दिसत होतं.

२२ एप्रिल
मास्तरला पुन्हा बोलावलं. एकट्याला. डोकं त्याच्यापुढे. म्हणजे दुसरी मेंढी गेली, पण ती तशीही लंगडत होती.

मास्तर खूष झाला. कान कापून मला दिला, स्वतः डोळा खाल्ला, सही केली. निघताना दारात म्हणाला, अरे हो, मागच्या आठवड्यात रागाच्या भरात मी तुझी तक्रार केली आहे बरं का. गुरुवारी बाई येणार आहेत तपासायला. मनाला लावून घेऊ नकोस.

मी मनाला लावून घेतलेलं नाही. तीन मेंढ्या म्हणजे आटोपशीर कळप. बाईंवर छाप पडेल.

२५ एप्रिल
बाई आली. जनावरांची डॉक्टर, नाव नुरझात, माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. आल्या आल्या म्हणाली, आजोबा, एकेक मेंढी बाहेर आणा.

मी चांगली गुबगुबीत बघून आणली. बाई दारात उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. पाहुणा मेंढीसमोर असे हात पसरतो तेव्हा तो कापण्याआधीचा आशीर्वाद देत असतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत आहे. मी आमीन म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवले आणि मेंढी पाठीमागे नेली. सुरी तयारच होती.

ती हातमोजे चढवत होती. ते मला नंतर कळलं.

खूप रागावली. म्हणाली, आजोबा, मी रक्ताचा नमुना घ्यायला आले होते! घरी कापायला बंदी आहे, कत्तलखान्यात न्यावं लागतं, नोटिशीच्या खालच्या बाजूला लिहिलं आहे. खालची बाजू मी वाचली असती, पण तिथला कागद मुल्लाजींच्या गाढवाने खाल्ला होता. तिला तसं सांगितलं. तिने उरलेल्या दोघींचं रक्त घेतलं. कापलेल्या मेंढीचंही घेतलं आणि म्हणाली, निकाल येईपर्यंत त्या मांसाला हात लावायचा नाही. जेवायला थांबली नाही. मी रोटी पुढे केली तेव्हा तेवढा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

झिपार म्हणाली, दाजी, ती थोडंसं रक्त काढायला आली होती, तुम्ही तिचं काम फारच मनावर घेतलंत.

मांस बर्फात ठेवलं आहे. झोप नाही. पण रोटी खाल्ली म्हणजे मनात अढी नाही.

२६ एप्रिल
आजपासून कोणालाही जेवायला बोलवायचं नाही. ठाम.

बुरुलचा फोन. मेंढ्या कशा आहेत, विचारलं. ठीक आहेत, म्हणालो. ज्या आहेत त्या ठीकच आहेत. व्हिडिओ लावा, गोठा दाखवा, म्हणाली. मी नवा गोठा बाहेरून दाखवला. म्हणाली, छान झालाय. मी परवाच झिपारला म्हणाले होते, हे करतील नीट. मला भरून आलं. पण फोन आत नेला नाही.

२८ एप्रिल
बोलावलं नव्हतं, तरी आला. डॉक्टर नुरझातचा बाप. आणि तो कोण निघाला? तुर्गानबाय! मी ट्रॅक्टर चालवायचो तेव्हा माझ्याच तुकडीत होता. इतक्या वर्षांनी भेट. गळ्यात पडला. म्हणाला, माझी पोरगी तुझ्या घरून उपाशी गेली असं ऐकलं. मला लाज वाटली. म्हटलं तिच्या वाटचं आपण जाऊन खावं.

आता सांगा. बर्फातल्या मांसाला हात लावायचा नाही, आणि अशा माणसाला नुसता चहा पाजून कोणी परत पाठवेल का?

मात्र मी शिकलेला माणूस आहे. मेंढी घरी कापली नाही. तुर्गानबायच्या गाडीतून कत्तलखान्यात नेली, रांगेत उभा राहिलो, शिक्का मारून आणला. पूर्ण नियमाने. तुर्गानबाय म्हणाला, सरकारी मटणाला चव वेगळीच असते. त्याने मला शब्द दिला आहे, पोरीशी बोलतो.

एक राहिली. थकलो.

३० एप्रिल
एकटी मेंढी खात नाही, राहत नाही, सारखी ओरडते. मास्तर भिंतीवरून म्हणाला, ओमुरकुल, पाच होत्या तेव्हा परवडलं, वासच यायचा. तिच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा गप्प झाली. पाठ टेकली की पुन्हा सुरू. माझी अंघोळ राहिली.

कोंबड्या परत आणायला गेलो. झिपार म्हणाली, दाजी, त्या आता इथेच अंडी घालतात, त्यांना हलवू नका, बिचकतील. तिच्या चुलीवर अंडी तळत होती. मला दोन दिली.

४ मे
परवानगी मिळाली!!

डॉक्टर नुरझात स्वतः आली. रक्ताचा निकाल चांगला आला. गोठ्याचं अंतर बरोबर, लेंड्या झाकलेल्या, सही आहे. पाच मेंढ्यांपर्यंतची परवानगी. फाटकावर ठोकायला हिरवी पाटी दिली. आत बघून म्हणाली, आजोबा, एवढा स्वच्छ गोठा या गल्लीत दुसरा नाही. मग म्हणाली, दुसरी चरायला गेली का? मी खोकलो. तिच्या बापाने तिला सांगितलेलं नसावं.

नवीन आणायच्या असतील तर काय, असं मी सहज विचारलं. म्हणाली, बाहेरची मेंढी महिनाभर वेगळ्या गोठ्यात ठेवायची, मग यात घ्यायची. दुसरा गोठा बांधायला माझ्या अंगणात जागा मास्तरच्या खिडकीखालीच उरली आहे.

हरकत नाही. एक आहे. एकीपासून कळप होतो. घाई कसली?

५ मे
मास्तर, मुल्लाजी आणि तुर्गानबाय, तिघेही दुपारी आले. पाटी बघायला. नवीन वस्तू घरी आली की ती लाभावी म्हणून शेजाऱ्यांना जेवू घालतात, आणि घालायलाच पाहिजे, पण पाटी ही वस्तू होते का? मी तसं विचारलंही. मुल्लाजींनी विचार केला आणि म्हणाले, ठोकली तर होते.

मी आधीच सावध होतो. मेंढी स्वयंपाकघरात कोंडली होती. म्हटलं, मेंढी चरायला गेली आहे, संध्याकाळ होईल. तेवढ्यात आतून ओरडली. फाटकात उभे राहून तिघांनी हात पसरले, तळवे वर. या वेळी हातमोजे नव्हते, मी नीट बघितलं.

कत्तलखाना सणामुळे बंद होता. शिक्का नाही.

डोकं मास्तरला दिलं. मला नियम कळतात.

९ मे
बुरुलचा फोन. मेंढ्या कशा आहेत? म्हणालो, सगळ्या परवानगीत आहेत. मग म्हणाली, अहो, रविवारी तालाय गाडी घेऊन येतोय. बरोबर त्याचे सासरेही आहेत, तुम्हाला समजवायला.

मी हातातली बशी खाली ठेवली. आमचे व्याही लग्नानंतर पहिल्यांदा घरी येणार. त्यांच्यापुढे मेंढी उभी करायची नाही तर काय, पाटी उभी करू? झिपारकडे एक मेंढी मागितली. तिने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, दाजी, माझी मेंढी तुमच्या गल्लीत यायला घाबरते.

गोठा झाडला. झाडण्यासारखं काही नव्हतं.

१० मे
व्याह्यांना मेंढीशिवाय घरात घेता येत नाही, हे कोणीही मान्य करेल. म्हणून ठरवलं आहे की ते इथे यायच्या आत मीच तिकडे जावं. उद्या सकाळची बस. राहायला नव्हे. पाहुणा म्हणून, चार दिवस. पाटी काढून पिशवीत घेतली आहे, पावसात खराब होते.

तालायचा फोन लागत नाही. बुरुल, या पानाचा फोटो तुला पाठवतोय, तूच सांग. लिफ्टचं दार किती वेळ बंद असतं, आणि नवव्या मजल्यावर पाहुणा आला तर त्याला किती दिवस ठेवून घेतात? बस निघायच्या आत कळव.