पाच ओळींची शिफारस

३ फेब्रुवारी, सकाळी ७
ठरलं. नगरपालिकेचा यंदाचा ‘पर्यावरण व समाजसेवा पुरस्कार’ मीच घेणार. तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या निरोपाची भाषणं लिहिली. माझ्या निरोपाच्या दिवशी साहेब मीटिंगला निघून गेले, माझ्याबद्दल कोणी दोन शब्दही बोललं नाही. ते आता व्याजासकट वसूल करायचं. मानपत्रासाठी हॉलमध्ये खिळा ठोकला. बायकोने विचारलं, पण तुम्ही काम काय केलंय? तिला व्हिजन नाही.

५ फेब्रुवारी
कार्यारंभ. गल्लीत पाच रोपं लावली. प्रत्येकाशेजारी उभं राहून फोटो. मग शर्ट बदलून पुन्हा पाच, म्हणजे दहा वाटतात. कंबर धरली. पाणी उद्यापासून.

९ फेब्रुवारी
फॉर्म आणला आणि डोकंच फिरलं. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही. नातेवाइकांनीही नाही. शिफारस पाच ओळींत आणि सुचवणाऱ्याच्याच अक्षरात. मी चार पानं लिहून ठेवली होती! वर आणखी एक नियम: प्रभागातून किमान दोन नावं आली तरच विचार होणार. आमच्या प्रभागातून एकही नाही. म्हणजे आता प्रतिस्पर्धीही मीच शोधायचा.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना शिफारस मागितली. म्हणाल्या, आधी गॅलरीतला तो खताचा ड्रम हलवा, बेडरूममध्ये वास येतो. खताला वास येणारच. विज्ञान शिकलेल्या बाईला हे मी सांगायचं?

१० फेब्रुवारी
तळमजल्यावरचे टेलरमास्तर लगेच हो म्हणाले. मग म्हटलं, मास्तर, मीही तुमचं नाव सुचवतो, फिट्टंफाट. ते म्हणाले, माझं कशाला, साहेब? मी म्हटलं, नियम आहे. नावापुरता उमेदवार मिळाला, तोही अगदी निरुपद्रवी.

११ फेब्रुवारी
मास्तरांचा फॉर्म दहा मिनिटांत उरकला. विचारलं, समाजकार्य काय करता? म्हणाले, काही नाही. मग उरलेल्या चिंध्यांचं काय करता? चादरी कुणाच्या या? असं खोदून खोदून काढावं लागलं. जसं सांगितलं तसं उतरवलं. अलंकार मुद्दाम टाळले, उगाच भाव वाढायला नको.

माझी चार पानं त्यांच्या हातात दिली. म्हणाले, एवढं पाच ओळींत कसं बसवू? मी म्हटलं, मास्तर, कापणं तर तुमचा धंदा आहे. त्यांनी लिहून पाकीट परस्पर चिकटवलं. मला दाखवलंसुद्धा नाही. भोळा माणूस, चांगलंच लिहिलं असणार.

१८ फेब्रुवारी
समिती परवा येणार. रोपं पाहायला गेलो. दोन शेळीने खाल्ली, एकावर कुणीतरी स्कूटर लावली, दोन वाळली. बायको म्हणते, एकदा तरी पाणी घातलंत का? मी फाइल तयार करत होतो. सगळं एकट्याने किती करायचं!

२० फेब्रुवारी, दुपारी १
समिती येऊन गेली. बायकोच्या कुंड्या गल्लीत मांडल्या होत्या. नेमकी तेव्हाच तिने गॅलरीतून हाक मारली, माझ्या कुंड्या वर कधी आणणार? सावरून घेतलं. मग ड्रमचं झाकण उघडून दाखवलं. अध्यक्षबाई नाकाला रुमाल लावून जिना उतरल्या. प्रभावित झाल्या असाव्यात. मास्तरांकडे मात्र सगळे तासभर बसले. दुकानात पंखा आहे, म्हणून असेल.

२ मार्च
मास्तर.

हा काय न्याय आहे? मी तक्रार करणार. माहिती मागवणार. मुलीचा फोन आला, म्हणाली, बाबा, पण त्यांचं नाव तुम्हीच दिलंत ना? फोन ठेवून दिला.

८ मार्च, संध्याकाळी ८
सत्काराला जाणार नव्हतो. मास्तर न्यायला आले. अंगात स्वतः शिवलेला नवा शर्ट, कॉलरला अजून टाचणी. नाही म्हणता आलं नाही.

स्टेजवरून अध्यक्षबाईंनी माझ्या पाच ओळी वाचल्या, शब्द न् शब्द. ‘यांच्या दुकानातली चिंधी कचऱ्यात जात नाही. तिच्या पिशव्या शिवून ते भाजीवाल्यांना फुकट देतात, अकरा वर्षं. दर रविवारी दवाखान्याच्या फाटक्या चादरी नीट करून देतात. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी यांच्या डोक्यावरच राहतो, मलाही आजच कळलं.’

मग टाळ्या, थांबेनातच. मी अर्धा उठलो होतो. मागच्या बाई म्हणाल्या, बसा हो, दिसत नाही. लिहिलं कोणी, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. फार वाईट वाटलं.

१२ मार्च
नाकारलेला फॉर्म पोस्टाने परत आला. आता कळेल, मास्तरांनी माझी चार पानं कशी कापली ते. पाचपैकी चार ओळी कोऱ्या. पहिलीवर, खडूने कापडावर आखावं तशा मोठ्या अक्षरात:

‘साहेबांनी माझा फॉर्म भरून दिला. माझ्याबद्दल एवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं.’

चार पानांतलं एक अक्षर घेतलेलं नाही. तक्रार करावी म्हटलं, पण वाक्यात खोटं काही सापडेना. तीन वेळा वाचलं.

बायकोला म्हटलं, हे फ्रेम करून घेऊ, खिळा आहेच. ती म्हणाली, त्या खिळ्याला मी मास्तरांनी दिलेली पिशवी अडकवलीय, ती काढायची नाही.