काढून टाकलेली ओळ

३ मार्च, सोमवार
— आणि वर ताई मलाच म्हणते, "तुला घाई फार!" शिलाई मशीन दुरुस्तीला टाकून दोन वर्षं झाली! एवढ्या वेळात माणूस नवं बनवून देईल. माझ्या जाकिटाचं कापड कापून तसंच पडलंय. फोनवर कडाकडा भांडलो. ताईने "जेवलास का?" विचारून विषय बदलला. नेहमीचंच.

ऑफिसात नवं काम. दवाखान्यांच्या नोंदींचा साचा — कुठल्या रकान्यात काय भरायचं, त्याचे नियम. त्याची बिल्डची फाइल, म्हणजे सगळा कोड जोडून चालता प्रोग्राम बनवायची कृती, मी लिहायची. कुठकुठल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, लागतात त्यांची यादीही. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी कोऱ्या सर्व्हरवर बिल्ड झालं तर तुझं कायम केल्याचं पत्र मी स्वतः टाइप करते." आठवी नापास — आणि कायम!

४ मार्च
एकवीस लायब्ररी. प्रत्येकीपुढे आवृत्तीचा आकडा. बसून बसून बूड दुखतंय. कायम झालो की जमवलेल्या पैशांतून मोटारसायकल घ्यायचीच.

५ मार्च
यादी झाडली. एक लायब्ररी आमच्या कोडमध्ये कुठेच वापरलेली नाही — फुकटची बसून खातेय! ओळ उडवली. बिल्ड झालं. स्वतःची पाठ थोपटली.

६ मार्च
कोऱ्या सर्व्हरवर आज करून बघितलं, तर आपटलं! पानभर लाल अक्षरं. माझ्या लॅपटॉपवर तर मस्त चालतंय!

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझ्या लॅपटॉपवर तिची जुनी प्रत साठलीय, राजा. म्हणून तुला कळलं नाही. तू काढलीस ना, तिच्याच जिवावर दुसरी चालत होती. वरवर काय बघतोस? तळापर्यंत जा."

गेलो. ओळ परत घातली, आकड्यासकट.

७ मार्च, शुक्रवार
झालं! सगळं हिरवं! मॅडमनी पत्र टाइप केलं, माझ्या नावात चूक केली, परत केलं.

घरी फोन लावला. ताई बाहेर गेलेली. आईला म्हटलं, "आता त्या दुरुस्तीवाल्याच्या मानगुटीवर बसतो. मशीन आणतोच."

आई म्हणाली, "कुठला दुरुस्तीवाला रे? तुझा लॅपटॉप आला, त्याच आठवड्यात विकलं तिने. मी सांगितलं म्हणू नकोस हं."

आणि ताई मला म्हणाली होती, लॅपटॉप ओळखीत स्वस्तात मिळाला! दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करतेय. वर माझ्या शिव्या खातेय.

८ मार्च
मोटारसायकलवाल्याला नाही म्हणून कळवलं. दुकानात नव्या शिलाई मशीनचा भाव विचारून आलो. ताईला काही बोललो नाही. एवढंच लिहिलं — जाकिटाची शिलाई आगाऊ पाठवतोय. अठरा हजार पाचशे.