बाबा पुरवून ऐकतात

१७ तारीख, मंगळवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पोरगी मजेत असाल. इकडे माझा गुडघा बरा आहे, बाबांचा रक्तदाब जागेवर आहे. झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

फोन सोडून ताईने हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं तुला वाटेल. फोनवर तू एका कानाने मला ऐकतोस आणि दुसऱ्याने मीटिंग. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. परवा मी लिहिलं, "बाबांच्या यंत्राची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही," तर त्यालाही अंगठा! म्हणून कागदावर लिहितेय. निदान शेवटपर्यंत वाचशील.

मला बाबांशी एक महत्त्वाचं बोलायचं आहे, आणि ते त्यांना नीट ऐकू यायला हवं आहे. काय बोलायचंय ते मागाहून सांगते. आधी तुझ्या कंपनीचं ते श्रवणयंत्र, जे तू मोठ्या कौतुकाने त्यांच्या कानात बसवून गेलास.

आवाज छान येतो, हे मान्य. पंखा, भांडी, रस्ता सगळं मागे ठेवून नेमकं बोलणं पुढे आणतं. जुन्या यंत्रात सगळा गोंगाट एकत्र यायचा. पण जुनं आठवडाभर चालायचं रे! त्यातला प्रोग्रॅम कुणा भल्या माणसाने सी भाषेत लिहिला होता, पोस्टकार्डावर मजकूर बसवावा तसा, एक अक्षर जास्तीचं नाही.

तुला माहीत आहे, मी पाण्याच्या मीटरचे प्रोग्रॅम लिहिते. भिंतीत बसलेल्या मीटरला चार्जर कोण लावणार? एक बॅटरी वर्षानुवर्षं पुरवावी लागते. त्यामुळे वीज कुठे सांडतेय ते मला चटकन दिसतं. मागच्या आठवड्यात बाबांचं यंत्र डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत मोजलं. कपाळावर हात मारून घेतला. खोलीत कोणी चकार शब्द काढत नव्हतं, तरी तुझं यंत्र पूर्ण ताकदीने राबत होतं. शांततेतूनसुद्धा गोंगाट वेगळा काढत होतं! अरे मूर्खा, आमचा मीटरसुद्धा नळ बंद असला की झोपतो. पाणी हललं की उठतो.

तुम्ही पायथॉन भाषेत प्रयोग केलात, त्यात काही गैर नाही. नवं काही सुचलं की मीही आधी त्यातच करून बघते, पटकन होतं. पण प्रयोग जमला म्हणून तो अख्खा डोलारा उचलून म्हाताऱ्या माणसाच्या कानात कोंबायचा? तुझं उत्तर मला पाठ आहे. "ताई, चिप दर वर्षी वेगवान होतात, आणि कोड आता एआय लिहितो." लिहू दे की! आमच्याकडेही लिहितो, बरा लिहितो. पण वीज जपून वापर, हे त्याला सांगायला एखादा माणूस लागतो, आणि त्या माणसाला ते सुचावं लागतं. मला जुनाट म्हणून उडवून लावू नकोस. या वयात रस्ट ही नवी भाषा शिकलेय, आमच्या नव्या मीटरचा प्रोग्रॅम त्यातच आहे.

तुमच्या यंत्रात एक छोटासा पहारेकरी हवा, सी नाहीतर रस्टमध्ये लिहिलेला. कोणी बोलतंय का, एवढंच त्याने बघायचं, आणि बोलणं कानावर आलं की गोंगाट वेगळा काढणाऱ्या तुमच्या त्या अवाढव्य एआय मॉडेलला उठवायचं. मोजणीचा आलेख सोबत जोडलाय. तुझ्या टीमला दाखव.

बुधवार

काल इथेच थांबले. पुढचं लिहायला हात धजावत नव्हता.

गेल्या महिन्यात कंपनीच्या सभेत बाबांचा फोटो मोठ्या पडद्यावर लावून तू म्हणालास ना, "माझ्या वडिलांचं यंत्र एका चार्जवर आठवडाभर चालतं"? व्हिडिओ तूच पाठवलास. बाबांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. यंत्र न लावता.

चालतंच ते आठवडाभर. कारण बाबा ते वापरतच नाहीत.

उभी हयात त्यांनी कारखान्याचं भांडार सांभाळलं. संपणारी वस्तू लागेल तेव्हाच बाहेर काढायची, हे त्यांच्या हाडात मुरलंय. मी म्हटलं, "रोज चार्ज करा ना." तर म्हणाले, "सारखं चार्ज केलं की बॅटरीचं आयुष्य कमी होतं, धाकटा सांगून गेलाय." सांगून गेलास ना तू? मग झालं तर. तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोमवार ते शनिवार यंत्र डबीत. रविवारी सकाळी दाढी करतात, यंत्र कानात घालतात आणि फोनजवळच्या खुर्चीत तुझी वाट बघत बसतात. तू विचारतोस, "कसं चाललंय?" ते म्हणतात, "एकदम टकाटक!" तू फोन ठेवतोस, यंत्र परत डबीत.

आणि बाकीचे दिवस मी भिंतीशी बोलते. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहिते, दूध संपलंय. डॉक्टर पाच वाजता. उशीर होईल, जेवून घ्या. तोंडाने काहीही म्हटलं तरी ते मान हलवून "हो हो" म्हणतात. एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, घराला आग लागलीय." "हो हो." मला आधी हसू आलं, मग रडू आलं.

आता ते बोलायचं राहिलेलं. आमच्या तपासणी विभागात एक जण आहेत. मीटरमधली बारीकशी चूकही सोडत नाहीत, म्हणून सगळे त्यांना 'अर्धा थेंब' म्हणतात. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय. हस, पोटभर हसून घे. पन्नाशीला टेकलेली तुझी ताई! मीही हसले, आणि घरी येईपर्यंत हसतच होते. ते इथे आपल्या घरी राहायला तयार आहेत, बाबांना एकटं टाकायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "बाबांशी बोलते आणि सांगते." तेव्हापासून रोज विचारतात, आणि मी रोज सांगते, अजून बोलणं झालं नाही. आता त्यांना वाटायला लागलंय की मीच टाळतेय.

गेल्या गुरुवारी हिय्या केला. बाबांना खुणेने यंत्र लावायला लावलं. त्यांनी लावलं आणि म्हणाले, "चटकन सांग गं, बॅटरी जळतेय." नजर घड्याळावर. अशी गोष्ट चटकन कशी सांगतात रे? मी म्हटलं, "गॅस संपत आलाय." "एवढंच ना? मग फळ्यावर लिहायचं की!" आणि डबीचं झाकण लागलं.

हेही फळ्यावर लिहू? दुधाच्या खाली?

रविवारी मीच त्यांना सांगतो, असं तू म्हणशील. अजिबात नको. ही बातमी तुझ्या तोंडून नाही जाणार. बाबांचं "हो हो" मला रोज मिळतं. मला ऐकून दिलेलं उत्तर हवंय. हो म्हणाले तर सोन्याहून पिवळं. नाही म्हणाले तर भांडेन, पण भांडायलाही समोरच्याला ऐकू यावं लागतं.

तुमचा पहारेकरी तयार व्हायला, तपासून व्हायला किती महिने जातील ते मला माहीत आहे. याच धंद्यात आहे मी. तोवर एकच कर.

या रविवारी फोन करू नकोस.

बाबा तयार होऊन बसतील. तू फोन केला नाहीस म्हणून हिरमुसतील, ते मी सांभाळीन. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसेन आणि सावकाश, पहिल्यापासून सगळं सांगेन. आपल्या घरात आठवड्यातून एकच तास बाबांना ऐकू येतं, आणि तो तुझ्या नावावर आहे. या एका रविवारचा मला दे.

सोमवार ते शनिवारची त्यांची मुलगी,
तुझी ताई