पाटावरचा कॉम्प्युटर

अहो,

कॉम्प्युटर मंचरला दुरुस्तीला नेऊ नका. मी चालू केलाय.

दसऱ्याला तुम्ही तो पूजेसाठी पाटावर मांडला. परत जोडताना स्क्रीनची केबल नव्या ग्राफिक्स कार्डाला न लावता वरच्या जुन्या जागी लावलीत. म्हणून डिझाईन उघडलं की सगळं अडकायचं. आणि तुम्ही आठ दिवस बिचाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसलात! चार वेळा काढून परत टाकलंत.

"तुला त्यातलं काय कळतंय?" हे आईंसमोर म्हणालात. आता केबलचं त्यांना तुम्हीच सांगा.

पेठवाल्यांची लग्नपत्रिका पुरी झाली, छापायला घेऊन चाललेय. वरण कुकरात आहे.

पत्रिकेच्या तळाशी दरवेळी तुमचं 'डिझाईन : पिंटू' असतं. या खेपेला डिंपल आहे.