तारेवरच्या बाईचं पान

आई,

काल तुझी अविधवा नवमी होती आणि संध्याकाळी मी सर्कशीला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की नाही ते तुला ठरवता येईल. नुसती सर्कस पाहायला नाही गेले, तिथे रस्त्यावरचं खाल्लंसुद्धा. कंबोडियाच्या लोकांनी केलेलं, आपल्या घरात कधी न शिजलेली मासळी घातलेलं, तेही तुझ्या तिथीला. आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

इतकी वर्षं तुझं पान दादा आणि वहिनी मांडत होते. यंदा दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वहिनीला त्याच्यापासून हलता येईना, म्हणून तुझं पान पहिल्यांदा माझ्याकडे आलं, मिरजेहून थेट जर्मनीत, नेकारसुल्मला. वहिनीनं फोनवर सगळं नीट सांगितलं, खीर कशी आटवायची, वड्यांचं पीठ किती घट्ट हवं, आमसुलाच्या चटणीला गूळ किती. मग जरा थांबली आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका हं, पण पानावर तुम्ही नका बसू. सवाष्णच लागते." राग नाही आला मला. तुझे जावई गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, हे तुला तिथे कुणी कळवलं का कोण जाणे. तू बाबांच्या आधी गेलीस म्हणून तुझा दिवस नवमीचा, आणि तुझ्या नावानं जेवणारी बाई नवरा असलेलीच हवी. मी तुझी मुलगी. मी रांधायचं, वाढायचं, पण बसायचं नाही. मी वहिनीला एवढंच म्हटलं, "बघते."

सवाष्ण शोधायला लागले. इथे गाड्यांच्या कारखान्यात आपल्याकडचे खूप इंजिनियर आहेत. मीही तिथेच काम करते, सुटे भाग बरोबर मापाचे आलेत का ते तपासायचं. कँटीनमध्ये जे भेटतात त्यांच्या बायकांना एकेक करून फोन लावला. एक म्हणाली, "अहो काकू, बोलावलंत हेच खूप. पण पितृपक्षात दुसऱ्याच्या घरचं आमच्या सासूबाईंना चालत नाही." सासूबाई नाशिकला आहेत. दुसरीला शनिवारी मुलाला घेऊन डार्मश्टाटची युनिव्हर्सिटी बघायला जायचं होतं. तिसरी तेवढी खरं बोलली, "काकू, खीर द्या पाठवून, मी खाईन. पण ते गेलेल्या माणसाच्या नावानं पानावर बसायचं मला कसंतरीच वाटतं." कुणालाच दोष देत नाही. पण शुक्रवारपर्यंत तुझं पान रिकामंच होतं.

त्यात लेकीनं महिनाभर आधी आमच्या दोघींची तिकिटं काढून ठेवलेली. नदीकाठच्या कुरणावर एक तंबू लागणार होता, कंबोडियाची सर्कस आणि तंबूच्या बाहेर तिथल्या गाड्यांवरचे पदार्थ. मी तिला मराठीत म्हटलं, आजीची तिथी आहे, मला जमायचं नाही, आधीच सवाष्ण मिळत नाहीये. ती नेहमीसारखी जर्मनमध्ये म्हणाली, "मग तिथेच शोध की, माम्मा. सर्कशीत बायका असतातच."

ती चेष्टेत बोलली. तिला तुझी ती गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. पण माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

मी लहान आहे. गणपती उठले की मिरजेच्या मैदानावर तंबू लागतो आणि तुझ्या खानावळीचे डबे वाढतात. सर्कशीचा आपला भटारखाना असतो, तरी झुल्यावरची आणि तारेवरची माणसं तुझंच जेवतात, कारण तू तेल बेतानं घालतेस आणि त्यांचं जेवण खेळ संपेपर्यंत गरम ठेवतेस. खेळाआधी ती माणसं खात नाहीत, उंचावर पोट जड चालत नाही, हे तुला त्यांनी सांगायला लागत नाही. बँड आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. आता हत्ती, आता झुला, हे तू नुसत्या वाजवण्यावरून ओळखतेस, आणि तारेचं वाजायला लागलं की भाजी परत चुलीवर चढवतेस. मी शेजारी बसून लसूण सोलत असते.

एका वर्षी माझ्या आजीच्या, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या, नवमीला नेहमीच्या शेजारच्या काकू सकाळी तापानं फणफणल्या. पान मांडलेलं, खीर तयार, आणि बसायला कुणी नाही. तेवढ्यात तारेवरची बाई रिकामा डबा घेऊन दारात आली. केरळची होती, ओले केस, कपाळावर मोठं कुंकू. तू तिला म्हणालीस, "बसतेस का गं?" तिला मराठी फारसं येत नव्हतं, पण पाट आणि पान कळत होतं. दुपारचा खेळ होता, तरी ती बसली. तू तिची ओटी भरलीस. तिनं दोन घास खाल्ले, खिरीची वाटी उचलली, आणि दारात आत्या उभी.

"वहिनी, आमच्या आईच्या पानावर ही तंबूतली कोण आणून बसवलीस?"

तू म्हणालीस, "सवाष्ण आहे हो."

"नवरा असेल गं. किती आहेत ते विचारलंस का?"

त्या बाईला शब्द कळले नसतील, आवाज कळला. तिनं वाटी खाली ठेवली. जेवण झाल्यावर मिटतात तसं पान अन्नासकट मिटलं, तुला हात जोडले, "अम्मा" म्हणाली आणि निघून गेली. तू तिला थांबवलं नाहीस. तू जागा पुसून घेतलीस आणि आत्याला पाणी दिलंस.

दुसऱ्या दिवशी मी डबे द्यायला गेले तर त्याच बाईनं माझ्या हातात दोन गुलाबी पास ठेवले. मी पळत घरी आले. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "परत देऊन ये." मी का म्हणून विचारलं, तेव्हा तुझा आवाज चढला. तू क्वचितच चढवायचीस. "जिला आपल्या घरात पानावरून उठवलं, तिचा खेळ बघायला कुठल्या तोंडानं जाऊन बसायचं?" मी पास परत दिले. पुढे दर वर्षी तंबू लागला, दर वर्षी तुझे डबे गेले, पण तू त्या मैदानावर पाऊल टाकलं नाहीस. सर्कशीतलं कुणी आपल्या उंबऱ्याच्या आतही आलं नाही. सगळी सर्कस तू चुलीपाशी बसून ऐकलीस.

मला हे पटलं नव्हतं, आई. तेव्हा बोलले नाही, मी कधीच फार बोलत नाही. आज बोलते. उठवलं आत्यानं, आणि तोंड लपवलंस तू. आत्या पुढच्याच आठवड्यात मुलांना घेऊन सर्कस बघून आली आणि हत्तीचं कौतुक सांगत आपल्याकडे चहा प्यायली. मग शिक्षा तुलाच का? आणि ती चांगुलपणा म्हणून आम्ही का सांभाळायची? मी नाही सांभाळणार.

म्हणून काल दुपारी बारा वाजता तुझ्या फोटोपुढे नैवेद्य दाखवला. कावळ्याचा घास बाल्कनीत ठेवला. इमारतीच्या हाऊसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे नियमावलीत, पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे, तरी ठेवला. आणि पानावरचं सगळं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, चटणी, भात, स्टीलच्या डब्यात भरलं. वर ओटीचं सामान घेतलं आणि लेकीला म्हटलं, चल. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

कुरणावर गवती चहाचा वास होता, त्यात सुकटीसारखा उग्र वास मिसळलेला. लेकीनं केळीच्या पानात वाफवलेली मासळी आणली. नारळाचं दूध, हळद, वरून लाल मिरची. मी खाल्ली. चांगली होती. पलीकडच्या गाडीवर एक बाई आपल्या आप्पेपात्रासारख्या तव्यात तांदळाचे गोळे उलटत होती. इथे जवळच, हाइलब्रॉनमध्ये राहते म्हणाली, जर्मन माझ्यापेक्षा सफाईदार. शेजारी केळीच्या पानांत बांधलेल्या भाताच्या वळकट्या रचलेल्या. मी विचारलं हे काय. म्हणाली, आमच्याकडे हे पंधरा दिवस गेलेल्या माणसांचे. ती भुकेली येतात, देवळादेवळांतून आपल्या माणसांना शोधत फिरतात, म्हणून भात करायचा. मी विचारलं, कुठले पंधरा दिवस? तिनं चंद्राचा हिशेब सांगितला. आपलेच दिवस निघाले, आई. मी तसं म्हटलं तर तिला काही नवल वाटलं नाही. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली आणि गोळा उलटला.

मग मी तिच्याकडे केळीचं एक पान मागितलं. मला इथे मिळालं नव्हतं.

"नुसतं पान? भात नको?"

"भात माझ्याकडे आहे."

कुणासाठी ते सांगितलं. तारेवर चालणारी बाई आहे का तुमच्यात, तेही विचारलं. आहे म्हणाली. मी म्हटलं, तिला आत्ता विचारू नका, खेळाआधी ती खाणार नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा तवा सोडून माझ्याकडे नीट पाहिलं आणि गठ्ठ्यातलं सगळ्यात मोठं पान काढून पुसून दिलं.

तंबूत आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. जनावरं नव्हती. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढत होती, ढोल वाजत होते. खेळ संपल्यावर ती हाइलब्रॉनची बाई आम्हाला तंबूच्या मागे घेऊन गेली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. तारेवरची बाई खांद्यावर जाकीट टाकून एका पेटीवर बसली होती, पाय मोकळे सोडून. तिशीची असेल. मी दुसऱ्या पेटीवर पान मांडलं. वाढलं. मग तिला कुंकू लावलं. मीच, या हातानं. तिला वाटलं रंगभूषेचं काहीतरी आहे, तिनं सवयीनं हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. ओटी भरताना नारळ तिनं एका हातावर तोलून पाहिला.

तिनं आधी वडा उचलला, मधल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली. हाइलब्रॉनची हसायला लागली. "विचारतेय, भोक कशाला, नेम धरायला का?" मी म्हटलं, आत कच्चा राहू नये म्हणून. ते तिला पटलं असावं. तरी तिनं तो बोटावर चढवून गरगर फिरवला, मग खाल्ला. लेक मराठीत म्हणाली, हो, मराठीत, आजीला तेवढं जर्मन ओमा म्हणत, "ओमानं हाकलून दिलं असतं हिला." मी म्हटलं, "नाही. तुझ्या ओमानं अजून एक वाढला असता." मग मीच वाढला.

ती सावकाश जेवली. खीर बोटानं निपटली. मी शेवटपर्यंत समोर उभी राहिले, जणू कुणी दारात येणार होतं आणि मला ते दार अडवायचं होतं. कुणी आलं नाही. तिनं पान मिटलं तेव्हा त्यात काही नव्हतं.

आज सकाळी वहिनीचा फोन. "मिळाली का हो सवाष्ण?"

"मिळाली."

"कोण हो? ओळखीतली?"

"सर्कशीतली. तारेवर चालते."

"अहो ताई, नवरा तरी आहे ना तिला?"

"विचारलं नाही."

"विचारलं नाही म्हणजे काय?"

"म्हणजे विचारायचंच नव्हतं, वहिनी. पोटभर जेवली ती. पानावर शीतही राहिलं नाही."

मला वाटलं वहिनी फोन ठेवणार. मग हळूच म्हणाली, "वडे फुगले होते का?" मी म्हटलं, फुगले होते. "मग झालं," म्हणाली. पुढच्या वर्षी तुझं पान कुणाकडे, हा विषय आम्ही दोघींनी काढला नाही. मी मात्र ठरवलं आहे, ते माझ्याकडेच राहील.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट वहिनीलाही सांगितली नाही आणि लेकीलाही नाही. इतक्या तोऱ्यात दुसऱ्या रांगेत जाऊन बसले खरी, पण वाजवणं बदललं, सगळे ढोल थांबून एकच हलका ठेका राहिला, तेव्हा ओळखलं की आता तार. आणि मी डोळे मिटून घेतले. लोकांच्या टाळ्या वाजेपर्यंत उघडले नाहीत. तिथीच्या स्वयंपाकात लसूण नव्हता, तरी हाताला लसूण सोलल्याचा वास येत होता.