सूनबाईला रोजचं इंग्रजी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून निश्चय. आयर्लंडच्या सूनबाईला, ऑर्लाला, रोज एक इंग्रजी मेसेज स्वतः लिहायचा. मधे भरतची दुभाषेगिरी नको. तिला पाचवा महिना. आई नाही बिचारीला, म्हणजे बाळंतपण माझ्याकडेच. पण भरत म्हणतो, तिने स्वतः 'या' म्हटलं तरच ये. म्हणेल की. मॅट्रिकला इंग्रजीत वर्गात दुसरी होते मी.

५ फेब्रुवारी
'आय ॲम क्वाइट वेल अँड होप द सेम फ्रॉम यू.' दुपार गेली त्यात. भरत फोनवर हसला. आई, असं आता कोणी लिहीत नाही, म्हणाला. तिकडची माणसं बोलतात तसं साधं लिही.
धाकटी जाऊ नूतन भाकरी थापता थापता म्हणाली, ताई, तिलाच मराठी शिकवा की, तुमाला या वयात कुठं इंग्रजी फुटायचं! लक्ष दिलं नाही.

८ फेब्रुवारी
मोबाईलवर एक सर सापडले. फुकट शिकवतात. पुस्तकी वाक्यं जड, रोजची हलकी वापरा म्हणतात. पूजा करता करता पाठ केली. अथर्वशीर्षात दोनदा 'नो वरीज' आलं. गणपतीला मन कळतं.
ऑर्लाने पोटाचा फोटो पाठवला. मी, 'लुकिंग गुड!' तिचा लगेच बदाम. जमलं! हे म्हणाले, बदाम तर दूधवालाही पाठवतो. यांना काय कळतंय.

१६ फेब्रुवारी, संकष्टी
ओझरला जाऊन आले. पासपोर्टचं विचारायला यांना पाठवलं. लाडवांचा डिंक सांगून ठेवला. आतापासून सांगितला की चांगला मिळतो.

१९ फेब्रुवारी, सकाळ
ऑर्लाचा मेसेज. 'वुई लॉस्ट द बेबी.' तीनदा वाचला.
आपल्यात अशा बाईपुढं रडायचं नाही, गेलेल्याचा विषय काढायचा नाही. दुःख बसलं की कूस धरत नाही. माझं पहिलं गेलं तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला कांदे निवडायला बसवलं होतं.
'आय ॲम व्हेरी सॉरी' लिहिलं आणि पुसलं. फार जड. मग सरांचंच घेतलं. 'नो वरीज! इट हॅपन्स. बेटर लक नेक्स्ट टाइम.' बरोबर हलकं झालं.

२० फेब्रुवारी
वाचलंय, उत्तर नाही. मन भरून आलं असणार. नूतनला सांगितलं तर भाकरी तव्यावर तशीच ठेवून बघत राहिली. म्हणाली, अवो ताई, हे तर मॅच हरल्यावर म्हणतात! टीव्ही बघून लई शहाणी झालीय. 'चिअर अप' पाठवलं.

२३ फेब्रुवारी
ऑर्लाचा फोटो दिसेना. मेसेजही पोचेना. पिंपरी पेंढारला रेंजचा कायमचा घोळ.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
भरतचा फोन. ओरडला नाही. ऑर्लाची बहीण येऊन राहिलीय म्हणाला. तू येऊ नकोस आई. पुढंही नको, ऑर्लाने सांगितलंय.
मी म्हटलं, अरे, आपल्यात असंच हलकं करतात. म्हणाला, ते मला माहितीये गं. तिला कसं सांगू?
मग म्हणाला, मुलगी होती. फोन चालूच होता, श्वास ऐकू येत होता. त्याच्याशी तर मराठीतच बोलायचं होतं.
एक शब्द सुचला नाही.