तेविसाव्या मिनिटाचं हसू

प्रिय सुहैर,

तुझी शाल मिळाली. चिकटपट्टीचे सात वेढे मारलेस, जणू आत शाल नाही, चोर कोंडलाय. एका कोपऱ्यातून बोट घालून पाहिलं; गडद निळी आहे, ऊबदार आहे. मग तो कोपरा पुन्हा बंद केला आणि पुडकं खुर्चीवर ठेवून दिलं. दोन दिवस झाले, त्या खुर्चीवर मी बसलेली नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय ही शाल अंगावर घेववत नाही. सांगितल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, तेही मला ठाऊक नाही.

फोनवर तीनदा प्रयत्न केला. पण तू पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस आणि माझं अवसानच गळतं. म्हणून कागद घेतला. आपल्या गाडीवाल्या सब्रीचा मेहुणा उद्या शारजाला निघालाय, तेव्हा सब्री दुपारी पत्र न्यायला येईल. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. एकदा उठून कपडे वाळत घातले. समुद्रावरून वारा असा सुटलाय की दोन चिमटे खालच्या भाजीवाल्याच्या मुळ्यांत पडले आणि त्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. एकदा उठून मसूर निवडले. ते कालच निवडलेले होते.

तुझ्या बाबांचं आधी सांगते. उजवा हात अजून हलत नाही. डाव्या हाताने गरम दुधाचं सहलब पितात, निम्मं दाढीत जातं. बोलणं परत आलेलं नाही, पण रुसणं आलंय, आणि डॉक्टर म्हणतात ही चांगली खूण आहे. परवा शेजारणीने बिनमिठाचं सूप आणलं तर त्यांनी वाडगा असा सरकवला की तीच म्हणाली, ‘घ्या, उस्तांना काही झालेलं नाही, नखरे जसेच्या तसे आहेत.’ मी हसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि तिला सांगितलं की कांदा चिरत होते.

आपली ‘सबत’ संस्था चालू आहे. मार्चपर्यंत एकोणीस शाळा ठरल्यात. सावल्यांचं नाटक नेतो, ढोल नेतो. मुलं बघतात, टाळ्या वाजवतात आणि शेवटी बाबांच्या बाहुलीचं विचारतात, तो लाल टोपीवाला अरागोज कुठाय? सब्री सांगतो, सुट्टीवर गेलाय, लग्न करायचंय त्याला. त्यावर गैत अल-इनबच्या शाळेतली एक पोरगी म्हणाली, ‘खोटं. त्याचं लग्न मागच्याच वर्षी झालं, बायको लाटण्याने बदडत होती, मी पाहिलंय.’ सब्रीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मुलांना थापा पचत नाहीत गं. मोठ्यांना पचतात.

संस्थेचं नाव ठेवलं तो दिवस आठवतो का तुला? तू एकोणीस वर्षांची होतीस. मी म्हणाले, बाल्कनीतून दोरीला सबत, टोपली, सोडतो तसं नाटक पोरांच्या दारात सोडायचं, त्यांना थिएटरपर्यंत यायला कोण गाडीभाडं देणार? तुझे बाबा म्हणाले होते, ‘सोडा, पण दोरी घट्ट धरा.’ त्याच दिवशी आपण दोन नियम केले. पहिला, खेळ चालू असताना कुठल्याही मुलाला गप्प करायचं नाही. बोलेल, ओरडेल, उठून जाईल, तो त्याचा हक्क. या एका नियमापायी मी किती मुख्याध्यापिकांशी भांडले त्याला गणती नाही. एकीची तर पट्टी काढून घेऊन मी त्या पट्टीवरच बसले होते. दुसरा नियम माझ्या खुर्चीचा. ती नेहमी रंगमंचाकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून. कुठल्या मिनिटाला हसली, कुठे चुळबुळली, कुठे श्वास धरला, सगळं वहीत. काही झालं तरी मागे वळायचं नाही, कारण बघणारा मोठा माणूस वळला की मुलंही स्वतःचं बघणं सोडून त्याच्याकडे बघतात.

सतरा वर्षं मी एकही नाटक पाहिलं नाही, फक्त नाटक पाहणारी तोंडं पाहिली. त्याचा मला गर्व होता, सुहैर. चेहरा वाचण्यात माझा हात धरणारं या शहरात कोणी नाही, असं मी पाहुण्यांना बिनदिक्कत सांगायचे. तुझे बाबा चिडवायचे, ‘बहीगा, एकदा तरी वळून बघ, पडद्यामागे आम्हीही माणसंच आहोत.’

आणि तुझं न् त्यांचं ते भांडण. तोंडात टाळूला धरायच्या त्या दोन पत्र्याच्या पट्ट्या, तो अमाना, ज्याशिवाय अरागोजचा आवाज निघत नाही, तो तू मागितलास. ते म्हणाले, मुलीच्या तोंडून अरागोज बोलला तर लोक हसतील. तू म्हणालीस, ‘मग काय रडायला येतात का?’ मी तिथेच होते. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले असते तर कदाचित तू आज शारजाच्या बालवाडीत दुसऱ्यांची गाणी शिकवत बसली नसतीस. उस्ता दुखावतील म्हणून गप्प बसले. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं, पण सांगायचं होतं ते हे नाही.

ऐक आता. नोव्हेंबरातल्या त्या मकनसा वादळाच्या दुसऱ्या दिवशी करमूझच्या शाळेत खेळ होता. अंगणात चिखल, म्हणून वर्गातली बाकं हलवून सतरंज्या टाकल्या. जागा अपुरी, त्यामुळे मुलं अगदी कडेपर्यंत, बाबा आत लपून अरागोज नाचवतात त्या खोक्याच्या बाजूलाही बसली. तुला मी सांगितलं होतं की खेळ संपला, सामान आवरलं आणि गाडीत बसताना बाबांना झटका आला. तुझ्या मामेभावांना तेच सांगितलं. दवाखान्यातही तेच.

तसं झालं नाही. तेविसाव्या मिनिटाला माझ्या पाठीमागे अरागोज अडखळला. शब्द घोगरे झाले, एकमेकांत गुंतले. मुलं जोरात हसली. मला वाटलं, उस्तांनी काहीतरी नवीन काढलं. मग मुलं आणखी हसली, कारण अरागोज खाली गेला होता आणि वर आला तो दुसऱ्याच हातावर, कडेला लोंबकळत. हे मला नंतर कळलं. मी वहीत लिहिलं, ‘मिनिट २३: आजवरचं सगळ्यांत मोठं हसू.’ त्याखाली लिहिलं, ‘डावीकडची शेवटची मुलगी: लक्ष उडालं.’ कारण सगळा वर्ग हसत असताना ती एकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

ती उठून माझ्यापाशी आली. बाईंना हाक मारावी तशी म्हणाली, ‘अब्ला, ते काका खाली बसलेत, त्यांचं तोंड वाकडं झालंय.’ तिला कडेने खोक्याच्या आतलं दिसत होतं. आणि मी, सुहैर, मी ओठांवर बोट ठेवलं. तिला म्हणाले, ‘अरागोज असाच असतो, जा, जागेवर बस.’ ती बसली. मी वळले नाही. त्यानंतर नऊ मिनिटं तुझे बाबा जमिनीवर बसून एका हाताने बाहुली वर धरत राहिले आणि नऊ मिनिटं मी हसणारी तोंडं मोजत राहिले. शेवटी आवाज थांबला, तरी मला ते नाटकातलं थांबणं वाटलं. दाराशी उभा असलेला सब्री धावला, तेव्हा मी वळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नेमकं केव्हा सुरू झालं? एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. वही माझ्या हातात होती, तिच्यात मिनिट लिहिलेलं होतं, आणि मी म्हणाले, आत्ताच. नऊ मिनिटांनी काय फरक पडला असता ते मला माहीत नाही. नंतर डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही. सब्रीला सगळं माहीत आहे. तो एवढंच म्हणाला, ‘अब्ला, मी कोणाला बोलणार नाही, पण तुम्ही बोला.’

मागच्या आठवड्यात मी त्या शाळेत गेले. मुलगी तिसरीत आहे, नाव रीताज. मला बघून तिने आधी विचारलं, ‘बरे झाले का ते?’ मी म्हणाले, होताहेत, आणि मी तुला गप्प केलं ते माझं चुकलं. ती थोडा वेळ बुटाने फरशी खरवडत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्हीच सुरुवातीला सांगितलं होतं ना, आज कुणी कुणाला गप्प करणार नाही?’  तिने मला तिच्या डब्यातलं अर्धं बिस्किट दिलं, बहुधा माझी दया येऊन.

आणि मग गेल्या शुक्रवारचा तुझा फोन. पडद्यावर तू दिसलीस तसं बाबांनी उशीखालून पत्र्याची डबी काढली, डाव्या हाताने कशीबशी उघडली आणि तो अमाना तुझ्यासमोर धरला. हात काही खाली घेईनात. तू रडत म्हणालीस, ‘ठेवा ते, बाबा, बरे व्हाल, पुन्हा वाजवाल.’ नंतर मला म्हणालीस, ‘अब्ला, तुम्ही जवळ होतात म्हणून ते वाचले,’ आणि दुसऱ्या दिवशी शाल पाठवलीस. त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. मी जवळ होते खरी, तीन पावलांवर, पाठ करून. वहीतलं ते पान फाडून सोबत जोडलंय. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, माझं अक्षर तू ओळखतेस. शाल ठेवू की परत पाठवू, ते तू सांग. पण तुझ्यासमोर ती डबी धरताना बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला विचारू नकोस. चेहरे वाचायचं मी सोडून दिलंय. तो चेहरा तुझ्यासाठी होता, तू येऊन स्वतः बघ.

खाली सब्री हॉर्न वाजवतोय.

तू अजून म्हणू देशील तर, तुझीच,
बहीगा